दोन पेले आणि नववा मजला

पत्र असं आहे:

"ताई, आम्ही दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात राहतो. चार महिन्यांनी भायलीला नव्या इमारतीत नवव्या मजल्यावर जायचंय. बानाखत, म्हणजे खरेदीचा करार, झालंय, अर्धे पैसे भरून झालेत. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. त्यांचं लहानपण कोयनानगरला गेलं, वडील धरणाच्या कामावर होते. १९६७ च्या भूकंपात त्यांचा धाकटा भाऊ गेला, एवढंच घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यापुढे त्या बोलत नाहीत. रोज रात्री झोपण्याआधी मात्र पितळी ताटात स्टीलचा एक पेला पालथा घालतात आणि त्याच्या बुडावर दुसरा उभा ठेवतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. फ्लॅटचं ठरल्यापासून त्या रात्रीतून दोन-तीनदा उठतात, पलंग हलला म्हणतात, दिवा लावून पेले बघतात. ह्यांनी 'आई, काही होत नाही, झोप' असं शंभरदा सांगितलं. आता ते चिडतात. सासूबाई म्हणतात, तुम्ही जा, मी इथेच राहते. माझी मुलगी ७ वर्षांची आहे. ती विचारते, आजी पेले का मांडते? तिला काय सांगू? आणि ते पेले नव्या घरी न्यायचे की सामान बांधताना गुपचूप काढून टाकायचे?
— एक सून, बडोदे"

तुमचं पत्र मी चार दिवस टेबलावर ठेवलं होतं. दर वेळी वाचताना एकाच वाक्याशी अडत होते: "आई, काही होत नाही, झोप."

थोडा हिशेब करू. सासूबाई आज ७१ वर्षांच्या, म्हणजे १९६७ साली १२ वर्षांच्या होत्या. कोयनेचा शिवाजीसागर जलाशय १९६२ च्या सुमारास भरायला लागला आणि त्यानंतर त्या भागात जमीन हलायला लागली. तेव्हा त्या सात वर्षांच्या, आज तुमची मुलगी आहे तेवढ्या. पुढची पाच वर्षं तिथल्या घरांमधून लहान-मोठे धक्के चालूच होते. जमिनीतून गडगड आवाज यायचा, भांडी वाजायची, मुलं दचकून उठायची. अशा वेळी मोठी माणसं काय म्हणत असतील? तुम्ही-आम्ही म्हणतो तेच. काही नाही, झोप. आणि बहुतेक रात्री ते खरंही ठरत होतं. १३ सप्टेंबर १९६७ ला चांगला मोठा धक्का बसला, तोही निभावला. मग ११ डिसेंबरला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ तीव्रतेचा भूकंप आला आणि कोयनानगरची बहुतेक घरं बसली किंवा भेगाळली. सुमारे १८० माणसं गेली. त्यात एक तुमच्या सासूबाईंचा भाऊ.

त्या घरात त्या रात्री कोण काय बोललं, मला ठाऊक नाही आणि मी रचणार नाही. पण ज्या मुलीने पाच वर्षं "काही होत नाही" ऐकलं आणि नंतर ते सगळं बघितलं, तिला आज ७१ व्या वर्षी पोटचा मुलगा तेच वाक्य म्हणतो, तेव्हा तिला धीर येत नाही. तिची झोप उडते. तुमच्या यजमानांचा हेतू वाईट नाही. आईला बरं वाटावं म्हणूनच ते बोलतात. पण हे वाक्य तुमच्या घरातून आजपासून बंद करा. माझ्या सगळ्या उत्तरातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

मग म्हणायचं काय? ते सांगते. आधी माझी एक गोष्ट ऐका, कारण ती सांगितल्याशिवाय मला पुढचा सल्ला द्यायचा अधिकार नाही असं वाटतं.

२६ जानेवारी २००१. आम्ही कारेलीबागेत तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. सहा वर्षांचा मुलगा शाळेत झेंडावंदनाला गेलेला, यजमान फिरतीवर. घरात मी आणि माझ्या सासूबाई. त्यांचा गुडघा गेलेला, वॉकर धरून चालायच्या. मी उपम्यासाठी रवा भाजत होते. सकाळचे ८ वाजून ४६ मिनिटं, ही वेळ नंतर पेपरात वाचली. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं की दिवाणखान्यातला झोपाळा हलतोय. त्यावर कोणी बसलेलं नव्हतं. आणि तो पुढे-मागे जात नव्हता, आडवा जात होता. कड्या करकरत होत्या आणि पितळी सळ्या भिंतीवर आपटत होत्या. मला वाटलं मलाच चक्कर आली. मग मांडणीवरची झाकणं एकामागून एक खाली यायला लागली, बाथरूममधल्या बादलीतलं पाणी उसळून बाहेर पडल्याचा आवाज आला, आणि मी धावले.

जिन्यावरून खाली, सोसायटीच्या पटांगणात. लोक ओरडत होते, "धरतीकंप, धरतीकंप." समोरची टाकी हेलकावे खात होती. जमीन थांबायचं नावच घेईना. तो भूकंप दीड-दोन मिनिटं चालला, आणि दीड मिनिट किती मोठं असतं ते ज्याने अंगावर काढलंय त्यालाच कळतं. थांबल्यावर शेजारच्या बेन म्हणाल्या, "बा कुठे आहेत?"

मी त्यांना वर सोडून आले होते.

परत तीन जिने चढताना पाय लटपटत होते. वर गेले तर सासूबाई पलंगाच्या कडेला बसलेल्या, दोन्ही हातांनी वॉकर घट्ट धरलेला, पदरावर पोपडे पडलेले. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "गॅस बंद केलास का?"

केला नव्हता. रवा जळून काळा झाला होता.

त्यानंतर कित्येक रात्री आम्ही पटांगणात गाद्या टाकून झोपलो. जानेवारीची थंडी, रोज एक नवी अफवा: आज रात्री आठला मोठा येणार, उद्या पहाटे येणार. भूकंपाची तारीख आणि वेळ आधी सांगता येत नाही, जगात कुणालाच नाही, पण तेव्हा ते कोण ऐकणार? सासूबाईंची गादी माझ्या शेजारी असायची. रोज मनात यायचं, आज बोलू. आठ वर्षं गेली. शेवटी त्या आजारी असताना, उशाशी बसले होते तेव्हा, मी म्हटलं, "आई, त्या दिवशी मी तुम्हाला टाकून पळाले." त्यांनी माझा हात थोपटला. म्हणाल्या, "टाकून कसली? तू पोराला आणायला शाळेत धावलीस ना? मी तेव्हाच समजले."

मुलगा त्या क्षणी माझ्या ध्यानीमनीही नव्हता. मी फक्त पळाले होते. हे मी त्यांना सांगितलं नाही. आज इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

हे सांगायचं कारण असं: भूकंपातून वाचलेली माणसं जमिनीच्या हलण्यापेक्षा दुसऱ्याच कशाने तरी वर्षानुवर्षं जागी राहतात. आपण कुणाचा हात सोडला, कुणाला हाक मारायची राहिली, कुणाला "झोप" म्हटलं. त्या दिवसापासून माझ्या ओळखीत जे जे बोलले, त्यांच्याकडून मी हेच ऐकलं. तुमच्या सासूबाई १२ वर्षांच्या थोरल्या बहीण होत्या. धाकटा भाऊ कदाचित त्यांच्याच अंथरुणात झोपत असेल, कदाचित नसेल. त्यांना "तुम्हाला भीती कसली वाटते?" असं विचारू नका. त्याचं उत्तर कुणालाच देता येत नाही. दुपारच्या निवांत वेळी, भाजी निवडताना वगैरे, विचारा: "तुमच्या भावाचं नाव काय होतं?" नाव तरी घरात कुणाला माहीत आहे का? तुमच्या पत्रात ते नाही. नाव सांगितलं तर पुढचं त्या आपणहून सांगतील, आज नाही तर महिन्याने. नाही सांगितलं तर तिथेच थांबा. खोदू नका. आणि यजमानांनाही त्या वेळी जवळ बसू द्या, काही न बोलता.

आता पेल्यांबद्दल. ते काढून टाकायचा विचार मनातून काढा.

मला त्या पेल्यांबद्दल खूप आदर वाटतो. पेला पडण्याने भूकंपाची आगाऊ सूचना मिळत नाही हे खरं. तो पडतो तेव्हा जमीन हललेलीच असते. पण त्याचा दुसरा उपयोग मोठा आहे. मोठ्या भूकंपानंतर माणसाला जमीन स्थिर असतानाही हलल्यासारखी वाटते. बोटीतून उतरल्यावर पायाखाली डुलतं ना, तसं. जपानमध्ये हे इतकं ओळखीचं आहे की त्याला शब्दच आहे, जिशिन-योई, म्हणजे भूकंपाने लागलेलं. अशा वेळी टांगलेल्या दिव्याकडे किंवा ग्लासातल्या पाण्याकडे बघतात. ते हलत नसेल तर हललो ते आपणच. तुमच्या सासूबाई रात्री उठून नेमकं हेच करतात. पलंग हलल्यासारखा वाटतो, दिवा लावतात, पेला जागेवर असतो, परत झोपतात. पेला खरं सांगणारा साक्षीदार आहे. घरातली माणसं बरं वाटावं म्हणून बोलतात, पेला तसं करत नाही. तो काढून घेतलात तर विश्वास ठेवायला त्यांच्याकडे काय उरेल?

आता नववा मजला. इथे तुमच्या यजमानांना थोडं काम आहे.

सासूबाईंची शंका खुळी नाही. २००१ चा भूकंप कच्छमध्ये भचाऊजवळ झाला. अहमदाबाद तिथून दोनशे किलोमीटरहून लांब, तरी तिथे बहुमजली इमारती पडल्या आणि सातशेहून जास्त माणसं गेली. असं का झालं? भूकंपाच्या भरभर हलणाऱ्या लाटा वाटेतच विरतात, संथ आणि लांब लाटा दूरवर पोचतात, आणि उंच इमारतीचा झोका त्या संथ लाटांशी जुळतो. झोपाळ्याला बरोबर वेळ साधून ढकललं की तो उंच जातो, तसंच. शिवाय नदीच्या गाळाची जमीन हे हलणं वाढवते. तशात तळमजल्यावर पार्किंगसाठी भिंती नाहीत, नुसते बारीक कॉलम, आणि वर सगळा बोजा. अशा इमारती खालच्या मजल्यातच गुडघे मोडल्यासारख्या बसल्या. आपलं बडोदेही विश्वामित्री नदीच्या गाळावर उभं आहे, आणि २००२ च्या भूकंपाच्या नकाशात मधल्या, तिसऱ्या पट्ट्यात होतं. कच्छ सगळ्यात धोक्याच्या पाचव्या पट्ट्यात. पण पट्ट्याच्या आकड्यावर फार विसंबू नये. किल्लारी १९९३ मध्ये सगळ्यात सुरक्षित मानलेल्या पट्ट्यात होती. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून दमलेली माणसं झोपली आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे दगडमातीच्या जाड भिंतींखाली गेली.

तेव्हा बिल्डरकडे जाऊन यजमानांनी चार प्रश्न विचारावेत आणि सासूबाईंना शक्य असेल तर बरोबर न्यावं. इमारतीचा स्ट्रक्चरल इंजिनियर कोण आणि त्याचं प्रमाणपत्र कुठे आहे? भूकंपरोधक डिझाइन केलंय म्हणता, ते कोणत्या मानकाप्रमाणे? भारतात त्याची मानकं आहेत, आयएस १८९३ आणि सळयांच्या बांधणीसाठी आयएस १३९२०. तळाच्या पार्किंगमध्ये नुसते कॉलम आहेत की काँक्रीटच्या सलग भिंतीही आहेत? आणि कॉलममधल्या सळयांभोवतीच्या रिंगा जवळजवळ आहेत का, त्यांची टोकं आत १३५ अंशांत वळवलेली आहेत का? हा शेवटचा प्रश्न ऐकून साइटवरचा माणूस तुमच्याकडे नीट बघेल. काटकोनात नुसती दुमडलेली रिंग मोठ्या धक्क्यात उघडते, मग आतलं काँक्रीट भुगा होऊन निसटतं. इमारत पूर्ण होत आली असेल तर रिंगा दिसणार नाहीत, पण कामाचे फोटो आणि नकाशे मागता येतात. स्वतःच्या ओळखीचा एखादा इंजिनियर पैसे देऊन ते बघायला लावा. अर्धे पैसे भरलेत, त्यात हा खर्च काहीच नाही. उत्तरं टाळली गेली तर फ्लॅटबद्दल फेरविचार करा, सासूबाईंसाठी नव्हे, सगळ्यांसाठी.

उत्तरं नीट मिळाली तर सासूबाईंना काय सांगायचं तेही आता स्पष्ट होईल. खरं सांगा. सांगा की नवव्या मजल्यावर लांबचा धक्का वाड्यापेक्षा जास्त जाणवेल, इमारत डुलेल, आणि चांगली बांधलेली इमारत डुलते पण मोडत नाही. सांगा की वाड्याची लाकडी चौकट २००१ मध्ये करकरून तगली, पण ते सागवान आता तेव्हापेक्षा पाव शतकाने जुनं आहे. वाळवी कुठवर पोचलीय हे त्यांनाच जास्त माहीत असेल. आणि मग त्यांना विचारा की धक्का आला तर आपण कोण कुठे जायचं, हे तुम्ही ठरवा.

हे ठरवण्यात त्यांना खरंच काम द्या. नव्या खोलीत त्यांचा पलंग कुठे लावायचा? खिडकीपासून लांब, आणि वर माळा किंवा जड फोटो नको. कपाट भिंतीला अँगलने पक्कं करून घ्या. उशाशी बॅटरी आणि चपला, कारण काचा फुटतात आणि अनवाणी माणूस तिथेच अडकतो. हलत असताना जिन्याकडे किंवा लिफ्टकडे धावायचं नाही. मी धावले ते चुकीचं होतं, नशिबाने जिना उभा राहिला. तुम्ही आणि मुलगी मजबूत टेबलाखाली, डोकं झाकून, टेबलाचा पाय धरून. सासूबाईंना खाली बसता येत नसेल तर त्यांनी पलंगावरच राहायचं, डोक्यावर उशी घेऊन. माझ्या सासूबाई त्या दिवशी जागेवर बसून राहिल्या. आमच्या घरात बरोबर वागणाऱ्या त्या एकट्याच होत्या. थांबल्यावर गॅस बंद करायचा, मग जिन्याने खाली. सासूबाईंचा हात कोण धरणार, हे आत्ताच नाव घेऊन ठरवा. माझ्या मते तुमच्या यजमानांनी म्हणावं, "आई, तुझा हात माझ्याकडे." शंभर वेळा "काही होत नाही" म्हणण्यापेक्षा त्यांना हे एकदा ऐकायला मिळू द्या.

मजला बदलून घ्यावा का असं तुम्ही विचारलेलं नाही, पण घरात विषय निघेल. खालचा मजला जास्त सुरक्षित असतो असं नाही. मात्र जिने कमी उतरावे लागतात आणि डुलणं कमी जाणवतं. बिल्डर अदलाबदल करून देत असेल तर निवड सासूबाईंना करू द्या. आणि जायच्या दिवशी एकदम नेऊ नका. ताबा मिळाला की दुपारचा चहा तिथे करा, दोन-तीनदा जेवण करा, एखादी रात्र सगळे एकाच खोलीत झोपा. वाडा लगेच मोकळा करायची घाई नसेल तर दोन महिने त्याची किल्ली सासूबाईंच्या कमरेला राहू दे.

एवढं करूनही त्या झोपेनाशा झाल्या, जेवण तुटलं, दिवसाही दचकायला लागल्या, तर डॉक्टरांकडे न्या, लाजू नका. सयाजी हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे, फोन फुकट लागतो. साठ वर्षांपूर्वीच्या जखमेवरही उपचार होतो. म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका.

आणि मुलीला काय सांगायचं? तुम्ही काहीच सांगू नका. तिला म्हणा, आजीलाच विचार. आजी तुम्हाला सांगणार नाही ते तिला सांगेल अशी मला फार आशा आहे, कारण ती बरोबर त्या वयाची आहे. काही न सांगता आजीने नुसतं तिला शेजारी बसवून दाखवलं तरी चालेल: खालचा पालथा, वरचा सुलटा, दोन्हींची बुडं एकमेकांवर, ताट भिंतीपासून चार बोटं लांब. सामान बांधाल तेव्हा ते ताट आणि दोन पेले टेम्पोत टाकू नका. सासूबाईंच्या मांडीवर द्या, रिक्षातून जाताना.